कोपऱ्याला कोपरा

गेल्या महिन्यात दोन दिवस सोलापूरला घरी होतो. दुपारची वेळ. आई गच्चीवरचे वाळलेले कपडे आणून कॉटवर टाकत होती आणि मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघत होतो. अमेरिकेतल्या कुठल्याशा प्रयोगशाळेतला दोन हातांचा रोबो टोपलीतून कपडा उचलतो, टेबलावर पसरतो आणि घडी घालतो. आई माझ्या खांद्यावरून डोकावली.

"हे काय करलालंय रे?"

"रोबो आहे आई. घड्या घालायला शिकलाय."

तिने चष्मा लावला, मोबाईल हातात घेतला आणि व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग कॉटवरचा एक टॉवेल उचलला, दोन्ही कोपरे चिमटीत धरून एकदाच झटकला आणि माझ्यासमोर घडी घातली. "कोपऱ्याला कोपरा लागला नाही त्याचा. आतली कड बाहेर आली बघ. असलं मुकादमानं परत टाकलं असतं."

आईने अक्कलकोट रोडच्या बाजूला एका टॉवेलच्या कारखान्यात २६ वर्षं घडीचं काम केलं. मागावरून उतरलेला, कापून शिवून आलेला टॉवेल बघायचा, सुटलेले धागे तोडायचे, घडी घालायची, बारा झाले की गठ्ठा बांधायचा. पैसे डझनावर. एका गठ्ठ्यात एक जरी घडी तिरकी दिसली तर मुकादम अख्खा गठ्ठा सोडून परत घडीला टाकायचा, आणि परत घातलेल्या घड्यांचे वेगळे पैसे नसायचे. शाळा सुटल्यावर मी तिच्याशेजारी बसून धागे तोडायचो. तिचं एका टॉवेलला पाच-सहा सेकंदांच्या वर लागायचं नाही, आणि त्या वेळात ती शेजारणीशी बोलतही असायची.

मी स्वतः गेली बावीस-तेवीस वर्षं रोबोंबरोबर काम करतोय, आधी भोसरीत आणि आता चाकणला. मोटारीचे पत्रे जोडतात त्या वेल्ड शॉपमध्ये रोबो प्रोग्रामिंग. त्यामुळे त्या व्हिडिओकडे आई एका नजरेने बघत होती आणि मी दुसऱ्या. आज लिहायला बसलोय ते या दोन नजरांबद्दल.

आमच्याकडे रोबोला 'शिकवणे' म्हणजे काय, ते आधी सांगतो. हातात रोबो चालवायचा पाटीएवढा टीच पेंडंट असतो. त्याच्या मागच्या बाजूला डेडमॅनची कळ. ती अर्धी दाबून धरायची. सोडली तरी रोबो थांबतो आणि घाबरून घट्ट आवळली तरी थांबतो. तशी कळ धरून, सहा अक्षांचा तो हात इंचाइंचाने पुढे नेत, वेल्डिंगची गन पत्र्याच्या नेमक्या जागी आणायची आणि पॉइंट सेव्ह करायचा. मग पुढचा पॉइंट. मोटारीच्या एका सांगाड्यावर चारेक हजार स्पॉट, म्हणजे वेल्डचे ठिपके, असतात, डझनावारी रोबोंमध्ये वाटलेले. एकदा पॉइंट पक्के झाले की रोबो वर्षानुवर्षं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकाही न चुकता त्याच जागी येत राहतो.

पण तो आंधळा असतो. फिक्श्चरमध्ये, म्हणजे पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्यात, पत्रा तीन मिलिमीटर सरकून बसला तर रोबो पत्र्याच्या मागे जात नाही. त्याला पत्रा ठाऊकच नसतो, जागा ठाऊक असते. म्हणून आमचा सगळा जीव फिक्श्चर, पिना, क्लॅम्प, सेन्सर यांत अडकलेला. जग रोबोसाठी घट्ट बांधून ठेवायचं, म्हणजे रोबो हुशार दिसतो. १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबो बसला. तेव्हापासून बराच काळ कारखान्यातला रोबो मुळात याच तत्त्वावर चालत आला.

टॉवेल मात्र बांधून ठेवता येत नाही. तोच टॉवेल दहा वेळा टाका, दहा वेळा वेगळा पडेल. त्याचा पॉइंट कुठे सेव्ह करणार?

१९८८ मध्ये हान्स मोराव्हेक या रोबोशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं की बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत किंवा पटावरच्या खेळात संगणकाला मोठ्या माणसाइतकं तयार करणं त्या मानाने सोपं, पण वर्षाच्या बाळाला जे बघता येतं, हलता-फिरता येतं, ते देणं फार अवघड. झालंही तसंच. १९९७ मध्ये संगणकाने बुद्धिबळाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं. त्यानंतर तेरा वर्षांनी, २०१० मध्ये, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी रोबोकडून टॉवेलच्या घड्या घालून घेतल्या. आधी कधी न पाहिलेले ५० टॉवेल दिले, पन्नासच्या पन्नास घड्या झाल्या. त्या काळी ते फार मोठं यश होतं आणि मी आजही त्याला तसंच मानतो. एका टॉवेलला सरासरी वेळ लागला १,४७८ सेकंद. म्हणजे साडेचोवीस मिनिटांहून थोडा जास्त. तो वेळ जात होता कशात? टॉवेल उचलून धरायचा, फिरवून फिरवून कॅमेऱ्यात बघायचा आणि कोपरा शोधायचा.

आईला हे सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "कोपराच अवघड असतोय की," म्हणाली. "नवीन पोरींना पहिला महिना तेच शिकवायचो. डोळ्यानं शोधायचा नाही, कडेवरून बोट सरकवत न्यायचं. कोपरा आला की बोटाला कळतंय."

तर, २०१० ते आज एवढ्यात काय बदललं? पॉइंट शिकवणं सोडून काम शिकवणं सुरू झालं. माझ्या धंद्यातल्या माणसाला हा फरक पोटात धस्स करणारा आहे, आणि तितकाच सुंदरही.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी 'अलोहा' नावाची साधी, त्या मानाने स्वस्त यंत्रणा उभी केली. माणूस दोन छोटे यांत्रिक हात स्वतःच्या हातांनी हलवतो आणि समोरचे दोन रोबोहात त्याची हुबेहूब नक्कल करतात. चार कॅमेरे सगळं टिपत असतात. कॅमेऱ्यात काय दिसलं आणि त्या क्षणी माणसाने हात कसा हलवला, या जोड्या जमा होतात आणि त्यावरून न्यूरल नेटवर्क, म्हणजे नमुन्यांवरून शिकणारी संगणकप्रणाली, शिकतं. चटणीच्या छोट्या डबीचं झाकण उघडणं, बॅटरी खाचेत बसवणं अशी कामं जेमतेम दहा मिनिटांच्या नमुन्यांवर त्याला ८० ते ९० टक्के वेळा जमू लागली. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत वर जाऊन आकडा बघितला. दहा मिनिटं! बॅटरी खाचेत बसवायचं स्टेशन आम्ही आमच्या पद्धतीने उभं करायचं म्हटलं तर नुसत्या फिक्श्चरच्या ड्रॉइंगला आठवडे जातात.

त्यातली एक युक्ती मला फार आवडली. नक्कल करून शिकणाऱ्या रोबोची जुनी अडचण अशी, की तो प्रत्येक क्षणाला पुढचं एक पाऊल ठरवतो, त्यात केसभर चूक होते, त्या चुकलेल्या जागेवरून पुढचं पाऊल आणखी चुकतं, आणि बघता बघता हात भलतीकडे. आम्ही याला टॉलरन्स स्टॅक म्हणतो. दहा पार्टांत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर गेला की शेवटचा दरवाजा बसत नाही. या लोकांनी ठरवलं की एकेक पाऊल न विचारता पुढच्या एक-दोन सेकंदांची अख्खी हालचाल एकदम ठरवायची. निर्णय कमी, म्हणून साचणारी चूक कमी. आईच्या हाताकडे बघा. ती तरी कुठे प्रत्येक इंचाला विचार करते? झटका हा एक सबंध झटका असतो.

याच सुमाराला दुसऱ्या बाजूने भाषेची मॉडेलं येऊन मिळाली. जुलै २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने आरटी-२ दाखवलं. इंटरनेटवरची चित्रं आणि मजकूर वाचून तयार झालेलं मॉडेलच रोबोच्या हालचाली ठरवू लागलं, त्यामुळे रोबोच्या नमुन्यांत कधी न आलेल्या वस्तूही त्याला ओळखता येऊ लागल्या. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिजिकल इंटेलिजन्स या कंपनीने 'पाय-झिरो' हे रोबो चालवणारं मॉडेल आणलं. ड्रायरमधून चुरगळलेले कपडे काढायचे, टेबलापाशी न्यायचे, एकेकाची घडी घालून चळत रचायची. मध्ये कोणी कपडा विस्कटला तरी रोबो पुन्हा सुरुवात करतो. त्याला शिकवायला वेगवेगळ्या सात प्रकारच्या रोबोंवरचे मिळून सुमारे १०,००० तासांचे नमुने वापरले होते.

दहा हजार तास. मी कॉटवर बसूनच हिशेब केला. आईची २६ वर्षं, वर्षाचे तीनशे दिवस, दिवसाचे आठ तास: ६२,४०० तास. जगातल्या नावाजलेल्या एका मॉडेलच्या शिदोरीच्या सहा पट तास या एका बाईच्या हातांत आहेत, आणि त्यातलं कुठेही काही नोंदलेलं नाही. भाषेसाठी इंटरनेट होतं; माणसांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेलं सगळं आयतं पडलेलं होतं. हातांचं असं काही कोणी लिहून ठेवलेलं नाही. टॉवेल कोरडा आहे की किंचित दमट, हे आईच्या बोटांना लागलीच कळतं, आणि दमट घडी गठ्ठ्यात गेली तर वास धरते म्हणून ती बाजूला काढते. कॅमेऱ्यात तो दमटपणा येत नाही.

आता माझ्या धंद्याच्या अगदी जवळची गोष्ट. अमेरिकेत साउथ कॅरोलायनामधल्या स्पार्टनबर्गच्या बीएमडब्ल्यू कारखान्यात फिगर या कंपनीचे माणसाच्या आकाराचे रोबो वेल्ड शॉपमध्ये उभे राहिले. काम काय, तर रॅकमधून पत्र्याचे पार्ट उचलून वेल्डिंगच्या फिक्श्चरमध्ये ठेवणं. आमच्या लाईनवर हे काम कंत्राटी पोरं करतात. हातमोज्यांतूनही बोटं कापतात, आठ तास तीच कमरेची वळणं. कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्वतः दिलेले आकडे असे: अकरा महिने, १,२५० तासांहून जास्त काम, ९०,००० पार्ट, ३०,००० गाड्या. सायकल टाइम, म्हणजे एका फेरीचा वेळ, ८४ सेकंद, पार्ट पाच मिलिमीटरच्या आत बसला पाहिजे आणि तोही दोन सेकंदांत.

हे वाचून एखादा म्हणेल, झालं, पोरांची नोकरी गेली. मी वेगळा हिशेब मांडतो. दहा तासांची पाळी धरली तर १,२५० तास म्हणजे १२५ दिवस. आमची लाईन तीन पाळ्यांत चालते. एवढे तास ती दोन महिन्यांत ओलांडते आणि मग वर्षानुवर्षं ओलांडतच राहते. शिवाय त्यांच्या अहवालातली एक ओळ वाचून मला त्या इंजिनियरांबद्दल एकदम आपुलकी वाटली: सगळ्यात जास्त बिघाड कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात झाले, आणि पुढच्या रोबोत त्यांनी मनगटाची सतत हलणारी वायरिंगच काढून टाकली. ज्याने रात्रपाळीत रोबोच्या मनगटाशी तुटलेली केबल शोधली आहे, त्याला यातलं दुःख समजावून सांगावं लागत नाही. बुद्धी कितीही आली तरी तारेला पीळ बसायचा तो बसतोच.

एप्रिल २०२५ मध्ये बीजिंगला माणसांसोबत २१ रोबो अर्धमॅरेथॉन धावले. सहाच शेवटपर्यंत पोचले आणि पहिल्याला २ तास ४० मिनिटं लागली. लोक मला हेच व्हिडिओ पाठवतात. चांगलं आहे, पण माझं मन पायांपेक्षा हातांत जास्त गुंततं. आणि कुठलाही व्हिडिओ बघताना दोन गोष्टी जरूर बघा. कोपऱ्यात वेग किती पट केलाय ते लिहिलेलं असतं, आणि रोबो स्वतः करतोय की मागे बसलेला माणूस त्याला चालवतोय, हेही प्रामाणिक लोक लिहितात. ते लिहिलेलं नसेल तर तो व्हिडिओ पुढे पाठवू नका.

आता जे सांगायचं म्हणून बसलो होतो त्याकडे येतो.

२००४ साल. भोसरीत दुचाकीच्या फ्रेमचा एक कारखाना. मी डिप्लोमा करून लागलेलो. तिथे मिग वेल्डिंगचं, म्हणजे तार वितळवून जोड मारायचं, दोन रोबोंचं सेल बसलं, आणि हेडपाइपचा, म्हणजे हँडल बसतं त्या नळीचा, जोड काही केल्या जमेना. कधी अंडरकट, म्हणजे कडेला खाच, कधी पोरोसिटी, म्हणजे वेल्डमध्ये बारीक भोकं. हाताने तो जोड मारणारे एक वेल्डर होते, माण तालुक्यातले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांचा बीड, म्हणजे वेल्डची रेघ, दिसायची एकावर एक रचलेल्या नाण्यांसारखी. मॅनेजर म्हणाले, मामांच्या मागे उभा राहा आणि शीक. आठवडाभर मी उभा राहिलो. टॉर्चचा अँगल मोजला. टॉर्चच्या तोंडातून तार बाहेर १२ मिलिमीटर. वळणावर ते कडेला निमिषभर थांबायचे आणि मधून भरकन जायचे, ते घड्याळ लावून मोजलं. मामा काहीही हातचं राखत नव्हते. "आवाज ऐक," म्हणायचे, "भजी तळल्यासारखा आला की समज बरोबर चाललंय. फटफट झाला की हात मागं घे." अँगल, अंतर, वेग, थांबा, सगळं मी पॉइंटमध्ये घातलं. आवाज घालता आला नाही. पण जोड जमला.

तीन महिन्यांनी मामा रिवर्कच्या टेबलावर होते. रोबोचं काय चुकतंय ते दुरुस्त करायला. काम कसं करायचं ते लिहिलेल्या प्रोसेस शीटवर 'तयार करणार' या रकान्यात माझं नाव होतं. मला त्यावर शाबासकी आणि पगारवाढ मिळाली. मामांना काही मिळालं नाही, आणि मी तेव्हा एका शब्दाने बोललो नाही. चोविसाव्या वर्षी ते सुचलं नाही एवढंच म्हणता येतं, पण ते बोलायला हवं होतं.

हे मला परत टोचू लागलं ते गेल्या वर्षीच्या एका बातमीने. तमिळनाडूत करूर म्हणून गाव आहे, आपल्या सोलापूरसारखंच मागांचं आणि टॉवेलांचं. तिथे माणसं कपाळाला कॅमेरा बांधून टेबलापाशी उभी राहतात आणि टॉवेलच्या घड्या घालतात. टॉवेल विकायचे नसतात. परदेशातल्या कंपन्यांच्या रोबोंना शिकायला हातांच्या हालचाली हव्या असतात. उजव्या टोपलीतून उजव्याच हाताने उचलायचा, दोन्ही हातांनी झटकायचा, तीन घड्या, आणि डाव्या कोपऱ्यात ठेवायचा. एखादी पायरी चुकली किंवा एका मिनिटाच्या वर गेलं तर पहिल्यापासून.

आईला वाचून दाखवलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मग त्या परतीच्या घडीचं कोण देतंय?"

माझ्या डोक्यात मॉडेलं होती, तास होते, अचूकतेचे टक्के होते. तिने डझनाच्या भावाने जगलेल्या बाईचा प्रश्न विचारला, आणि तो माझ्या सगळ्या वाचनापेक्षा नेमक्या जागी बसला. मी जे मामांच्या मागे वही घेऊन केलं तेच आता कॅमेरे करताहेत, शेकडो हातांचं, एका वेळी. वही आठवड्याने मिटली होती. हे नमुने मात्र एकदा गेले की कोणत्या रोबोत, कोणत्या देशात, किती वर्षं चालतील याला सीमा नाही. आणि ज्याचा हात, त्याची मजुरी त्या दिवसापुरती.

मी रोबोंच्या विरोधात नाही. धूर, ठिणग्या, वीस किलोची गन यांतून माणूस बाहेर पडला हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते व्हायलाच हवं होतं. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये भारतात ९,१०० नवे औद्योगिक रोबो बसले, चीनमध्ये २ लाख ९५ हजार. आपल्याकडे हे वाढणार, आणि वाढावं. पण घडी घालणाऱ्या, शिवणाऱ्या, वेल्ड मारणाऱ्या हातांचा ठेवा आपल्याकडे एवढा प्रचंड असताना तो मिनिटांच्या भावाने विकला जाऊ नये. हाताने शिकवणारा हा शिक्षकच आहे. त्याचं नाव नोंदलं जावं, आणि त्याच्या नमुन्यावर जे उभं राहील त्यात त्याचा वाटा कागदावर असावा. गाण्याच्या रेकॉर्डिंगला मानधन देता येतं, मग हाताच्या रेकॉर्डिंगला का नाही? कायदा करणाऱ्यांपर्यंत माझा आवाज जात नाही, पण माझ्या शॉपमधली प्रोसेस शीट माझ्या हातात आहे.

सोलापूरहून परत आल्यावर आयटीआयची नवी चार पोरं ट्रेनिंगला आली. त्यांना म्हटलं, पेंडंट तिसऱ्या दिवशी मिळेल. पहिले दोन दिवस हाताने सीलर, म्हणजे पत्र्यांच्या फटी बुजवणारा लेप, लावणाऱ्या ताईंपाशी उभं राहायचं आणि त्यांचा हात कुठे हळू होतो, कुठे थांबतो, ते वहीत उतरवायचं. त्या सीलरचा प्रोग्राम आता रोबोवर चढतोय. शीटमध्ये नवा रकाना घालायला क्वालिटीवाल्यांची परवानगी लागते, ती यायची तेव्हा येईल. तोवर मी 'शेरा' या रकान्यात ताईंचं पूर्ण नाव लिहिलं आणि प्रोग्रामच्या पहिल्या रिमार्कच्या ओळीतही टाकलं. त्यांना बोलावून पेंडंटवर दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि आडनावातली वेलांटी दुरुस्त करायला लावली.

रविवारी मामांना फोन केला. वीस वर्षांत दोनदाच बोलणं झालं होतं. गावी असतात, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. त्या कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्याकडून मला कळलं होतं की रोबो दोनदा बदलले, पण हेडपाइपच्या जोडाचं सेटिंग अजून तेच, नव्या मशीनवर कॉपी होत आलेलं. ते मामांना सांगितलं. फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही.

मग म्हणाले, "तार बाराच ठेवलीय ना?"

"हो मामा. बाराच."